ओटीपी सांगितला नाही, तरी खातं रिकामं! ग्रुपवरची 'एपीके' फाईल ठरतेय घातक

पीएम किसानचा हप्ता जवळ आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच नावाची एपीके फाईल फिरू लागते. पाठवणारा ओळखीचाच असतो, म्हणून लोक ती बिनधास्त उघडतात. प्रत्यक्षात त्याचाही मोबाईल हॅक झालेला असतो.

'ओटीपी कुणाला सांगू नका' एवढ्यावर आता भागत नाही. हे ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो, विचारायला फोनही येत नाही. २००० रुपयांच्या हप्त्यापायी दुधाचे, कापसाचे पैसेही जाऊ शकतात.

सरकारी ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावं. ई-केवायसी सीएससी केंद्रातही होते.

फाईल उघडलीच असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० ला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसलेला प्रत्येक तास शेतकऱ्यालाच महागात पडतो.