फॉर्म कोणी भरायचा?

अ‍ॅडमिशनच्या वेळची ती फाईल आठवते? लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाईल, जन्माचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. खरं सांगू का, माझी फाईल आईने सांभाळली आणि लालबागहून फोर्टला हेलपाटे बाबांनी मारले. मी फक्त सह्या केल्या, त्यातली एक चुकीच्या जागी! ज्याला आई-बाबाच नाहीत त्याची फाईल कोण सांभाळतं, हा प्रश्न मला जेनिफर हेन्सची केस वाचल्यावर पडला.

जेनिफर मूळची मुंबईची. १९८९ साली लहान असताना तिला अमेरिकेत दत्तक दिलं. पण ते घर टिकलं नाही. पुढे ती फोस्टर केअरमध्ये वाढली, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या परक्या घरांत, आज इथे तर उद्या तिथे. या सगळ्या भानगडीत तिच्या नागरिकत्वाचे कागद कोणीच पूर्ण केले नाहीत. मोठेपणी ती ड्रग्जच्या एका गुन्ह्यात दोषी ठरली आणि २००८ मध्ये तिला सरळ भारतात पाठवून दिलं. नवरा, दोन मुलं तिकडे आणि ही इथे, इथली भाषासुद्धा येत नसताना. मग ती मुंबई हायकोर्टात गेली.

गुन्हा केला तर भोगा, असं कोणी म्हणेल. मान्य. पण तोच गुन्हा तिच्या वर्गातल्या एखाद्या अमेरिकन मुलीने केला असता तर तिला देशाबाहेर काढता आलं असतं का? फरक काय, तर न भरलेला एक फॉर्म. तोही भरायचा होता मोठ्यांनी.

अमेरिकेने २००० साली दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, पण २७ फेब्रुवारी २००१ ला जे अठराच्या आत होते त्यांनाच तो लागू झाला. जेनिफर तेव्हा अठरा ओलांडून गेली होती.

तिथे १९९० पासून आणखी एक सोय आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. बाहेरून आलेल्या मुलाला पालकांनी टाकलं किंवा छळलं असेल, तर फॅमिली कोर्टासारखं स्थानिक कोर्ट तसं नोंदवतं आणि त्याला मायदेशी पाठवणं हिताचं नाही हेही लिहून देतं. व्हिसा कोर्ट देत नाही. पण त्या नोंदीवर मुलाला एकविसाव्या वर्षाच्या आत कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. मूल कुठे राहणार हे जे जज ठरवतात, त्यांच्यासमोर सगळी हकीकत असतेच ना! मात्र हा अर्जही कोणाला तरी सुचावा लागतो. नाही सुचला तर एकवीस उलटतं आणि संपलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं. छान झालं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पुन्हा कागद! बालगृहातलं मूल अठराचं झालं की बाहेर पडतं. २०१५ च्या कायद्यात एकविसापर्यंत मदतीची तरतूद आहे, पण फाईलचं काय? माझं म्हणणं एवढंच की अठरावा वाढदिवस यायच्या आत बालकल्याण समितीने प्रत्येक मुलाची फाईल उघडून बघावी आणि जो कागद नसेल तो स्वतः मिळवून द्यावा. त्या मुलाला फक्त सही करू दे, माझ्यासारखी. चुकीच्या जागी केली तरी चालेल.