फोंतेन्हास म्हणजे पोर्तुगाल नव्हे

पणजीला जाऊन आलेलं कुणीही हल्ली फोंतेन्हासचे फोटो दाखवतं. पिवळी भिंत, निळी खिडकी आणि खाली ठरलेली ओळ, 'अगदी पोर्तुगालमध्ये आल्यासारखं वाटतं!' मला ती ओळ खटकते.

या वस्तीची कुळकथा नावातच आहे. फोंतेन्हास म्हणजे लहान झरे. आल्तिनच्या टेकडीच्या पायथ्याशी फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती, आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाच्या गोवेकराची. मोझांबिकात पैसा कमावून आला म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. (आपल्याकडे 'दुबईवाले काका' असतात ना, तसंच!) पुढे ती बाग कार्मेलाइट पंथाच्या साधूंकडे गेली. तिकडे जुनं गोवं रोगराईनं ओस पडत चाललं होतं. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीत आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. कचेऱ्या आल्या, माणसं आली, त्यांना राहायला जागा हवी. माडांच्या जागी घरं उभी राहिली.

आता सांगा, यात पोर्तुगाल किती? कौलं, सज्जे, रस्त्यांची नावं, हो, आहे. पण चिरा इथला, चुना इथला, जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपले इथल्या पाण्यातले. दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचं, आणि पांढरा रंग मात्र चर्चसाठी सोडायचा, हा संकेतही इथल्याच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

आणि आठवणच काढायची तर पुरी काढा की. इथल्या सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात एक क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताची मान ताठ आहे, डोळे उघडे आहेत. त्याच्यासमोर कुणाकुणाला उभं केलं असेल, या विचारानं अंगावर काटा येतो. फोटोवाल्यांपैकी फार थोडे तिथवर जातात. असो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. देखावा म्हटलं की आत माणसं राहतात हे आपण विसरतो. लोक परक्यांच्या पायरीवर बसतात, खिडकीतून आत डोकावतात. शेवटी रहिवाशांना 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावाव्या लागल्या. घरांची गेस्ट हाउसं आणि कॅफे होतायत. त्यांच्यामुळे छपरं तरी शाबूत राहिली हे मान्य, पण संध्याकाळी दारात बसून रस्त्यावरच्याशी बोलणारी म्हातारी गेली, तर नुसत्या रंगवलेल्या भिंतीला वस्ती कसं म्हणायचं?

तेव्हा आमच्या घरातल्या लग्नाळू भाच्यांनो, ते प्री-वेडिंग शूट दुसरीकडे करा. आणि फोंतेन्हासला गेलातच, तर मळ्याच्या बाजूला तो झरा आहे, तो तेवढा बघून या.