खरखरीत बाजूचं विज्ञान

जुहूच्या मैदानात सीझन बॉलने खेळणारं कुठलंही पोर चेंडूची एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतं, दुसरी खरखरीत होऊ देतं. का, असं विचारलं तर म्हणतं, "सर, बॉल फिरतो." उत्तर बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच, की विज्ञानाचा धडा इथूनच सुरू व्हावा, आणि मुलाच्या भाषेत.

चेंडूला लगटून हवेचा एक पातळ थर वाहतो. गुळगुळीत बाजूवर तो शांतपणे सरकतो. शिवणीला किंवा खरखरीत कातड्याला अडखळला की खवळतो. या बदलाला संक्रमण म्हणतात. गंमत अशी, की खवळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. मग दोन बाजूंची हवा वेगवेगळ्या जागी सुटते आणि चेंडू वळतो.

चेंडू जुना असला आणि वेग भरपूर असला, तर थर शिवणीच्या आधीच खवळतो. मग शिवण त्याला लवकर सोडवते आणि चेंडू उलटा वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. 1992 मध्ये वसीम अक्रम आणि वकार युनूस यांनी इंग्लंडमध्ये तो टाकला, तेव्हा लबाडीचा गवगवा झाला. पुढे आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने टाकला, तेव्हा आपण त्याला हुनर म्हटलं. चेंडू कुरतडणं गैरच. पण समजलं नाही म्हणून एखाद्याला लबाड ठरवणं हा अडाणीपणा आहे. त्यावर इलाज विज्ञानाचाच.

आज हा प्रवाह संगणकावरही मांडतात. त्याची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं कागदावर सहज सुटत नाहीत. म्हणून चेंडूभोवतीची हवा लाखो बारीक चौकटींत कापतात आणि प्रत्येक चौकटीतला वेग नि दाब क्षणाक्षणाला काढत जातात. खरी अडचण खरखरीतपणाची. मिलिमीटरहून लहान उंचवटा हिशेबातून सुटला, तर संक्रमण भलत्याच जागी दिसतं आणि उत्तर चुकतं. चौकटी आणखी बारीक कराव्या, तर महासंगणकालाही घाम फुटतो. विमानाच्या पंखाला चिकटलेले किडे आणि धूळ यांचाही प्रश्न हाच. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते याच जुहूच्या धावपट्टीवर.

विमानविद्या शिकवणारी आयआयटी पवईला, म्हणजे याच उपनगरात आहे. महासंगणक परम 8000 पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्येच बनवला. अंतर किलोमीटरचं नाही. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठीतून शिकलेलं पोर अकरावीत इंग्रजीच्या भिंतीवर आपटतं आणि विज्ञान आपलं नाही असं समजून बसतं. इंग्रजी शिकायलाच हवी. पण कल्पना आधी पक्की होऊ द्या, नाव मागून येईल. खुरदरा, खरखरीत, रफ, तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा. शिक्षकांनो, हे उद्याच्या तासाला करता येतं. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. एक जुना चेंडू पुरतो.