अक्षर न येणाऱ्या पोराचा नंबर कसा काढतात?

“डॉक्टर, पोरीला अजून ग म भ न येत नाही. तक्त्यावरचं ती काय वाचणार आणि तुम्ही नंबर तरी कसा काढणार?” पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या एका शेतकरी बापाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. मुलीचा डावा डोळा मधूनमधून नाकाकडे वळे. घरच्या वडीलधाऱ्यांचे मत, तिरळेपणा शुभ असतो, राहू द्या!

मंडळी, नंबर काढायला रोग्याने बोललेच पाहिजे असे नाही. डोळा स्वतःच सांगतो. या तपासणीला रेटिनोस्कोपी म्हणतात. १८७३ साली कुईन्ये नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने ती प्रथम मांडली.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टर मुलापासून सुमारे ६६ सेंटिमीटरवर बसतात आणि बॅटरीसारख्या लहान उपकरणाने उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवतात. रात्री बॅटरी मारली की मांजराचे डोळे चमकतात ना, काहीसा तसाच लालसर उजेड आतल्या पडद्यावरून परत येतो. पट्टी उजवीकडे नेली आणि तो उजेडही तिच्याबरोबर उजवीकडे गेला, तर प्लसचे भिंग लावून पाहायचे. उलट पळाला तर मायनसचे. एकेक भिंग बदलत जायचे. उजेडाची पळापळ थांबून सगळी बाहुली एकदम उजळली, की अंतरापोटी दीड वजा करायचा. राहील तो नंबर.

या मुलीचा उजवा डोळा चांगला निघाला. डाव्याचा उजेड साडेसहा प्लसला थांबला, म्हणजे नंबर पाच! पोरगी आजवर एकाच डोळ्यावर सारे निभावत होती, म्हणून कोणाला कळले नाही. अंधुक दिसणारा डोळा मेंदू हळूहळू वापरायचे सोडतो. मग नुसत्या चष्म्याने भागत नाही, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून अधू डोळ्याला कामाला लावावे लागते. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण चांगला येतो, पुढे अवघड जाते.

लहान मुले डोळ्याच्या आतला स्नायू ताणून नंबर लपवतात. म्हणून तपासणीआधी बहुधा तीन दिवस अ‍ॅट्रोपीनचे मलम लावायला देतात. बाहुली मोठी झालेली पाहून पुष्कळ आया घाबरतात आणि मलम बंद करतात. तसे करू नका. जवळचे अंधुक दिसणे, ऊन न सोसणे हे दहा-बारा दिवस चालायचेच. मात्र अंग तापले, चेहरा लाल झाला किंवा पोर बरळू लागले, तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्या. लावल्यावर हात धुवा, नळी पोरांच्या हाती लागू देऊ नका. हेच द्रव्य बांधावरच्या धोतऱ्यातही असते. त्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली विस्फारते ती यामुळेच.

हल्ली चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर मिनिटात नंबर निघतो. पण लहान मुलाचा, औषध न घालता काढलेला तो नंबर धरून चष्मा करू नका.

घरी एक करून पाहा. खेळता खेळता पोराचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक झाकला तर चालते, पण दुसरा झाकताच पोर हात झटकते, रडते, असे झाले तर त्या वेळी उघडा असलेला डोळा अधू असण्याचा संभव आहे. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवा.