विश्लेषण : गायीच्या गोचिडांवरचे औषध परसातल्या कोंबडीला का चालत नाही?

दमट हवा सुरू झाली की खुराड्यात उवा, गोचीड आणि माइट नावाचे बारीक किडे वाढतात. कोंबड्या अंडी कमी देतात, तुरा फिका पडतो. अशा वेळी गावात एकच सल्ला मिळतो : गोठ्यात ठेवलेले जनावरांचे औषध थोडे कोंबड्यांनाही द्या. औषध स्वस्त असते, हाताशी असते. पण ते कोंबडीसाठी मान्यताप्राप्त नसते आणि त्याचा अंश अंड्यातून घरच्याच ताटात येऊ शकतो.

हा प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व अन्य कुक्कुट पक्षी होते. त्यापैकी जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. गावरान अंड्याला बाजारात जास्त भाव मिळतो, तो ‘नैसर्गिक’ या विश्वासावर. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हाती येतो. मोठ्या पोल्ट्रीत पशुवैद्यक आणि नोंदवही असते. परसात दोन्ही नसते आणि तिथले अंडे सहसा कोणी तपासतही नाही.

कोणती औषधे वापरली जातात?

प्रामुख्याने दोन प्रकारची. पहिला प्रकार आयव्हरमेक्टिनचा. जपानचे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनातून हे औषध आले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. गुरांमध्ये त्याने क्रांती केली. दुसरा प्रकार डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारख्या गोचीडनाशक द्रावणांचा, जी पाण्यात मिसळून जनावरांच्या अंगावर फवारतात. कधी कधी तर पिकावरचे कीटकनाशकच खुराड्यात फवारले जाते. गुरांच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनच्या लेबलवर बहुधा गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांची नावे असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीचे नसते. युरोपीय महासंघ आणि अमेरिकेतही अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी आयव्हरमेक्टिनला मान्यता नाही.

मान्यता नसली म्हणून काय बिघडते?

मान्यता देताना तीन गोष्टी तपासल्या जातात : औषध त्या प्रजातीत काम करते का, कोणत्या मात्रेत सुरक्षित आहे आणि त्याचा अंश दूध, अंडी, मांसात किती दिवस राहतो. कोंबडीसाठी ही तपासणी झाली नसेल, तर तिन्ही उत्तरे अंदाजावर सोडावी लागतात.

मात्रेचेच उदाहरण पाहा. १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. गुरांसाठी ही मात्रा ५० किलो वजनाला पुरते. त्याच हिशेबाने दीड किलोच्या कोंबडीला जेमतेम ०.०३ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी बसते. घरातल्या सिरिंजने ते मोजता येत नाही. ‘दोन-तीन थेंब पाजा’ हा सल्ला तिथेच कितीतरी पट जास्त ठरतो. औषध पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा उपायही फसवा आहे. आयव्हरमेक्टिन पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे एका कोंबडीला काहीच मिळत नाही आणि दुसरीला दुप्पट मिळते.

अंड्यात अंश कसा येतो?

आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळते आणि अंड्याचा पिवळा बलक चरबीने भरलेला असतो. बलक एका दिवसात तयार होत नाही. त्याची मुख्य वाढ साधारण आठ ते दहा दिवस चालते. म्हणून आज दिलेल्या औषधाचा अंश आज-उद्याच्या अंड्यापुरता राहत नाही, आठवडाभरानंतरच्या अंड्यातही येऊ शकतो. अंडे उकडले किंवा तळले म्हणजे औषध नाहीसे होईल, ही समजूत धरून चालत नाही.

युरोपात २०१७ मध्ये काय झाले?

या प्रश्नाचा जगाने घेतलेला सर्वांत मोठा धडा तोच आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील पोल्ट्रींत लाल माइटचा उपद्रव होता. तेव्हा निलगिरी व मेंथॉलयुक्त, वनस्पतिजन्य म्हणून एक द्रावण विकले गेले. त्याने माइट झपाट्याने मरत, कारण त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेले होते. अन्न देणाऱ्या प्राण्यांवर ते वापरण्यास युरोपीय महासंघात बंदी आहे. एक किलो अंड्यांमागे ०.००५ मिलिग्रॅम ही तिथली मर्यादा. बेल्जियममधील एका नमुन्यात १.२ मिलिग्रॅम सापडले. बहुतेक ग्राहकांना तातडीचा धोका नव्हता, असे तज्ज्ञांचे मत होते. तरीही लाखो अंडी बाजारातून काढावी लागली, असंख्य कोंबड्या मारल्या गेल्या आणि चाळीसहून अधिक देशांत बाधित माल पोहोचल्याचे उघड झाले. २०२१ मध्ये डच न्यायालयाने हे काम करणाऱ्या कंपनीच्या दोघांना एक वर्षाची कैद सुनावली. शेतकऱ्यांनी ‘हर्बल’ या शब्दावर विश्वास ठेवला. फटका त्यांनाच बसला.

भारतातील नियम काय सांगतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत २०१२ पासून अशी तरतूद आहे की, अन्न देणाऱ्या प्राण्यांच्या औषधावर ‘प्रतीक्षा कालावधी’ लिहिलेला असावा. हा कालावधी शास्त्रीयदृष्ट्या ठरवलेला नसेल, तर अंडी व दुधासाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत. ब्रिटनमध्येही मान्यताबाह्य औषध पशुवैद्यकाने लिहून दिल्यास अंड्यांसाठी किमान प्रतीक्षा कालावधीची अट आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने असा वापर पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच शक्य आहे. म्हणजे मान्यताबाह्य वापर सरसकट निषिद्ध नाही. पण तो पशुवैद्यकाच्या जबाबदारीवर, मात्रा आणि प्रतीक्षा ठरवूनच व्हायला हवा. परसात नेमकी हीच कडी तुटते.

निदान गुण तरी येतो का?

अनेकदा येत नाही. लाल माइट कोंबडीच्या अंगावर राहत नाही. तो दिवसा खुराड्याच्या फटींत लपतो आणि रात्री येऊन रक्त शोषतो. उवा अंगावरच असतात, पण मुख्यतः पिसे आणि कोंडा खातात. त्यामुळे रक्तातून काम करणारे औषध दोघांवरही अपुरे पडते. कोंबडीवर औषध आणि फटींत माइट तसेच, अशी स्थिती राहिली की पंधरवड्यात उपद्रव पुन्हा उसळतो. वारंवार अपुरी मात्रा दिल्याने किडे औषधाला दाद देईनासे होतात. सांडलेले द्रावण किंवा उरलेला डबा लहान मुलांच्या हाती लागण्याचा धोका वेगळाच.

मग करायचे काय?

रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. राखाडी किंवा लालसर ठिपके हलताना दिसले तर तो माइट. खुराडे रिकामे करून जुनी तुसे व कचरा जाळावा, फटी बुजवाव्यात, भिंतींना चुना लावावा. कोरडी माती व राख असलेला खड्डा ठेवला तर कोंबड्या स्वतःच अंग घोळवून घेतात. नवी कोंबडी आणल्यास दोन आठवडे वेगळी ठेवावी.

एवढ्याने भागले नाही तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. औषध मिळाल्यावर एक प्रश्न न चुकता विचारावा : ‘किती दिवस अंडी खायची नाहीत?’ त्या दिवसांतली अंडी विकू नयेत, मुलांना देऊ नयेत, पुरून टाकावीत. आधीच जनावरांचे औषध दिले असेल तर ते लपवू नये. कोणते, किती आणि कोणत्या दिवशी दिले, हे सांगितले तरच पशुवैद्यक प्रतीक्षेचे दिवस ठरवू शकतो. गावरान अंड्यावर ग्राहकाचा विश्वास असतो. सात-दहा दिवसांची अंडी फेकण्याचा तोटा हा विश्वास गमावण्यापेक्षा कमीच आहे.