सोयाबीनची भूक आणि खताचे अर्थकारण

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणजे एका क्विंटलमागे सहा किलोहून अधिक नत्र शेतातून बाहेर जाते. एवढे नत्र पोत्यांतून विकत आणावयाचे झाले, तर विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे दिवाळेच निघेल. सुदैवाने तशी गरज नाही. मुळांवरील गाठींत वसणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. गाठ चिरली असता आतून गुलाबी दिसली की त्यांचे काम चालू आहे असे समजावे. मात्र सोयाबीनला त्याचाच जिवाणू लागतो, हरभऱ्याचे पाकीट चालत नाही. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक चोळावे, बुरशीनाशक आधी व जिवाणू नंतर, आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे, ही शिफारस जुनीच आहे.

म्हणून रासायनिक खत टाकूनच द्यावे, हा शहरी सभागृहांतील प्रचार मात्र शेतकऱ्याच्या हिताचा नाही. स्फुरद विरघळविणारे जिवाणू काळ्या जमिनीतील चुन्याशी बांधले गेलेले स्फुरद सोडवितात; ते नव्याने निर्माण करीत नाहीत. पिकाबरोबर गेलेले स्फुरद, पालाश व गंधक कोठून तरी परत आलेच पाहिजे. पेरणीच्या वेळी थोडे नत्रही हवे, कारण गाठी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पुढे पीक पिवळे दिसताच युरिया फेकण्याची जी रीत पडली आहे, तीच घातक. पिवळेपणा पुष्कळदा साचलेल्या पाण्याचा वा लोहाच्या कमतरतेचा असतो, आणि जादा नत्राने गाठींचे काम मंदावते.

ही रीत शेतकऱ्याच्या अज्ञानातून पडली, असे म्हणणे सोयीचे आहे. २०१० साली स्फुरद-पालाशयुक्त खतांचे अनुदान अन्नद्रव्यांवर आधारित झाले. युरिया तेवढा नियंत्रित दरात राहिला. जे स्वस्त तेच शेतात अधिक पडणार! २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही अनेक बाजारांत सोयाबीन त्याखाली विकले गेले. अशा वेळी शेतकरी दुसरे काय करणार?

आणि जिवाणूचे पाकीट? २००६ पासून ते खत नियंत्रण आदेशाखाली आहे. भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे मानक आहे. परंतु मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तापलेल्या पाकिटात किती जिवंत उरले, हे शेतकऱ्याने मोजावे कशाने? त्यातच, हव्या त्या खताच्या पोत्याबरोबर नको ती बाटली गळ्यात मारण्याची 'लिंकिंग' पद्धत. जिवाणू खतावरचा विश्वास अशानेच उडतो.

परभणी व अकोल्याची कृषी विद्यापीठे अशी संवर्धके तयार करतात. ती तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात थंड साठवणुकीसह मिळावीत आणि प्रत्येक खेपेच्या जिवाणू-मोजणीचा निकाल मृगापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांतून ठरावाने मांडावी.