फासे कुणाच्या हातात

१९७८ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचं ‘प्लेयर्स हँडबुक’ आलं. त्यातल्या ताकदीच्या तक्त्यात एक बारीकशी अट होती. मानवी योद्धा पुरुष असेल तर त्याची ताकद १८/०० (इथे ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकते. बाई असेल तर १८/५० ला थांबते. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात आणि मेलेली माणसं उठून चालू लागतात, तिथे वास्तवाची आठवण झाली ती नेमकी बाईच्या दंडापाशी. तक्ता लिहिताना पुस्तकाचे लेखक गॅरी गायगॅक्स यांना आपण काही सामाजिक विधान करतो आहोत असं बहुधा वाटलंही नसेल. एखादी समजूत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती मत म्हणून लिहावीच लागत नाही, सरळ तक्त्यात जाऊन बसते.

‘खेळात राजकारण कशाला आणता?’ असं विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गटात असतो. त्याला उत्तर म्हणून आपण घाईघाईने इंडी, म्हणजे लहान स्वतंत्र लेखकांच्या, खेळांची नावं पुढे करतो: हा वसाहतवादावरचा, हा गुलामगिरीवरचा, हा वॉर्साच्या उठावातल्या पोरांवरचा. म्हणजे राजकारण असलेले खेळ वेगळे आणि नसलेले वेगळे, ही त्याची वाटणी आपण मान्यच करून टाकतो. १९७४ च्या मूळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सोन्याचं एक नाणं म्हणजे अनुभवाचा एक गुण असा हिशेब होता. दुसऱ्याच्या वस्तीत शिरा, राहणाऱ्यांना मारा किंवा चुकवा, त्यांचं सोनं बाहेर आणा, की तुम्ही आणखी बलवान. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना हा नियम समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

जून २०२० मध्ये या खेळाच्या प्रकाशकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, जाहीर केलं की त्यातल्या ऑर्क आणि ड्राव या जमातींना जन्मजात दुष्ट दाखवणं आता थांबवू. २०२४ च्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला. चांगलं झालं. पण कुणाला मारल्याबद्दल काय मिळतं, हा तक्ता शब्दांपेक्षा फार चिवट असतो. तो सहसा शेवटीच बदलतो.

खेळ बनवण्याच्या धंद्यात काम करणाऱ्यांना नियमाचा हा चिवटपणा नवा नसावा, कारण त्याचं एक जुनं उदाहरण आपण सगळे लहानपणी सुट्टीत खेळलो आहोत. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी काही हातांत साठली की बाकीचे कसे भिकेला लागतात हे लोकांना दिसावं, म्हणून तो खेळ. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच केले. एकात संपत्ती निर्माण झाली की सगळ्यांचा फायदा. दुसऱ्यात एकाने सगळं गिळायचं आणि इतरांचं दिवाळं काढायचं. टिकला तो दुसरा. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो ‘मोनोपॉली’ म्हणून विकला, आणि आपल्याकडे ‘व्यापार’च्या पटावर शहरं विकत घेऊन मामेभावाला कंगाल करण्यातला आनंद आपण त्यातूनच शिकलो. बाईंचा हेतू वाटेतच गळून पडला. नियम मात्र पोचला, आणि हेतूच्या बरोबर उलटं शिकवत राहिला. आपली दहा पानांची प्रस्तावना कुणी वाचेल, पाळेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी मॅगीबाईंची आठवण ठेवावी.

आता हेतू नियमातच बसवणाऱ्या, लियम बर्क यांच्या ‘डॉग ईट डॉग’कडे येऊ. २०१३ च्या सुमाराचा हा खेळ, पुस्तक लहानसं. पॅसिफिकमधलं एक बेट, त्यावर आलेले परके आणि तिथले मूळ रहिवासी. सुरुवातीलाच टेबलाने ठरवायचं असतं की आपल्यात सर्वांत श्रीमंत कोण. पात्रांमध्ये नव्हे, खेळणाऱ्यांमध्ये. तो खेळाडू एकटाच सत्ता होतो, बाकीचे सगळे रहिवासी. मग कागदावर पहिला नियम लिहिला जातो, तो छापीलच आहे: रहिवासी हे सत्ताधाऱ्यांपेक्षा कनिष्ठ आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर कुणी नियम पाळले, कुणी मोडले याचा निवाडा होतो आणि त्याप्रमाणे टोकन इकडून तिकडे जातात. आणि मग त्या प्रसंगातून जे शिकायला मिळालं त्यावरून रहिवासी स्वतःच यादीत नवा नियम घालतात. ‘त्यांच्यासमोर आपली भाषा बोलू नये.’ ‘त्यांची भेट नाकारू नये.’ सत्तेला कायदा लिहायचे कष्टच पडत नाहीत. टोकन संपलेला रहिवासी बेभान होऊन उठतो आणि त्यात जातो.

हा खेळ पुण्या-मुंबईच्या टेबलावर मांडून बघा. श्रीमंत कोण, या प्रश्नावर आधी हशा होतो. मग फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हप्ते किती उरलेत, गावाकडची जमीन धरायची की नाही, अशी वाटाघाट सुरू होते. कुणीतरी म्हणतं, ‘अरे, पगार जास्त आहे, पण खर्च बघ ना माझा!’ खेळ सुरू होण्याआधीच खेळ झालेला असतो. बर्क यांचं कसब मला इथे दिसतं. पहिल्या पाच मिनिटांत जो उघडा पडतो तो बलवान. अवघडतो तो, सारवासारव करतो तो.

म्हणूनच आपल्याकडे ज्यांना हा नियम उचलून जातीवर बसवावासा वाटतो, त्यांनी दहा वेळा विचार करावा. पैसा हसत हसत कबूल करता येतो. आडनावाचं तसं नाही. टेबलावर जातीची उतरंड लावायला सांगितली, की उघडा पडतो तो वरचा नव्हे. वरच्याला बहुतेक वेळा आपली जात ‘आठवतही नसते’, आणि हेच त्याचं वरचेपण. जो इतकी वर्षं ऑफिसात, होस्टेलमध्ये, भाड्याचं घर शोधताना आडनाव जपून वापरत आला, त्याला मात्र चार मित्रांसमोर गेमच्या नावाखाली हिशेब द्यावा लागतो. नियम तोच, पण ओझं उलट्या खांद्यावर. हे कळायला वसाहतवादाचा अभ्यास पुरत नाही. आपल्या इथे कोण काय लपवतं आणि कोणाला लपवायची गरजच पडत नाही, याची नोंद लागते.

ज्युलिया बाँड एलिंगबो यांच्या ‘स्टील अवे जॉर्डन’मध्ये (२००७) उतरंडीच्या याच गाठीला वेगळ्या टोकाने हात घातला आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा हा खेळ. एरवी आपल्या कॅरेक्टर शीटवरचे आकडे म्हणजे आपलं कर्तृत्व: बळ इतकं, बुद्धी इतकी. इथे मुख्य आकडा आहे ‘वर्थ’, म्हणजे मालकाच्या जगात या माणसाची किंमत काय. फासे त्यावरून मिळतात. स्वतःच्या शीटवर स्वतःचा नसलेला आकडा बाळगायचा, आणि त्याच्याच जोरावर सुटकेचा डाव टाकायचा. गुलामगिरीविषयी चार परिच्छेद वाचून जे समजणार नाही ते या एका रकान्यात समजतं.

आणि विषय उघडपणे राजकीय नसला तरी नियमातून असं बोलणं साधतं. एव्हरी आल्डर यांचा ‘द क्वायट इयर’ (२०१३) बघा. खलनायक नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. एक वस्ती, एक कोरा कागद ज्यावर नकाशा काढत जायचा, आणि पत्त्यांचा जोड: बावन्न पत्ते, बावन्न आठवडे. पाळी आली की पत्ता उचलायचा आणि तीनपैकी एक गोष्ट करायची: नवं काही शोधायचं, काम सुरू करायचं, किंवा चर्चा ठेवायची. चर्चा ठेवली तर प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायची. फेरी पूर्ण झाली की चर्चा संपली. ठराव नाही, मतदान नाही, उलट उत्तर नाही. इतर वेळी आपसांत बोलून काहीही ठरवायचं नाही. एखाद्याने कुणालाही न विचारता विहिरीऐवजी मनोरा बांधायला घेतला आणि तुम्हाला ते खटकलं, तर तुम्ही काय करणार? समोरच्या वाटीतून ‘तिरस्काराचं’ एक टोकन उचलायचं आणि आपल्यासमोर ठेवायचं. बस्स. ते सगळ्यांना दिसत राहतं.

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला हा खेळ शिकवावा लागत नाही. कुणाचं पार्किंग, कुणाची गळती, कुणाला तीन वर्षांपूर्वी बोलूच दिलं नाही, ही टोकनं तिथेही प्रत्येकाच्या पुढ्यात असतातच. फक्त ती लाकडाची नसतात. खेळाच्या शेवटी, हिवाळ्यातला इस्पिकचा राजा निघाला की ‘बर्फाचे मेंढपाळ’ येतात आणि खेळ तिथेच थांबतो, मनोरा अर्धा असला तरी. ते मेंढपाळ कोण, हे पुस्तक सांगत नाही. माझ्या मते तेही बरोबरच आहे.

गुलामगिरी-वसाहतींवरच्या अशा खेळांवर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळून चालणार नाही. दुसऱ्याचं दुःख शनिवारी संध्याकाळी चार तास खेळायचं, डोळे पाणावून घ्यायचे, वर ‘आता मला कळलं’ म्हणत पावभाजी खायला जायचं, यात एक लबाडी आहे. असे खेळ आहेत, आणि ते चांगल्या मनाच्या लोकांनीच लिहिले आहेत. कॉनर अलेक्झांडर यांच्या ‘कायोटी अँड क्रो’ने (२०२२) यातून एक वाट काढली. त्यांच्या चमूचं नेतृत्व अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांकडे होतं, आणि त्यांनी लिहिलेल्या जगात युरोपीय लोकांची वसाहत झालेलीच नाही. दुःखाचं प्रदर्शन मांडायचं नाकारून त्यांनी भविष्य लिहिलं. २०२१ मध्ये किकस्टार्टरवर दहा लाख डॉलर्सहून जास्त रक्कम जमली, तेव्हा ‘असलं कोण घेणार?’ हा प्रश्नही निकाली निघाला.

दुसरी वाट टेबलावरच्या नियमांची. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड आता बहुतेक गटांत माहीत आहे: मध्ये एक कार्ड ठेवायचं, कुणीही त्याला हात लावला की चाललेला भाग काढून टाकायचा, कारण विचारायचं नाही. याला नाजूकपणा म्हणून हिणवणारे आहेत. मला तो साधा सत्तावाटपाचा नियम वाटतो: जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेममास्टरच्या, हातातला नकाराधिकार सगळ्यांना वाटून दिला, इतकंच. मात्र आपल्या टेबलांवर तो जसाच्या तसा चालत नाही, हेही बोलायला हवं. आपला जीएम बहुतेकदा कुणाचा तरी दादा असतो, त्याला अहो-जाहो चालू असतं, आणि गटातली सर्वांत लहान मुलगी दादांचं वर्णन रंगात आलेलं असताना कार्डाला हात लावणार नाही. चार प्रसंग गिळेल आणि पुढच्या वेळी ‘क्लास आहे’ म्हणून येणार नाही. म्हणून पहिल्या सत्रात, पहिल्या अर्ध्या तासात, जीएमने स्वतःच्याच वर्णनावर स्वतःच कार्ड वापरावं. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आता आपल्या लिहिण्याकडे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर खेळ लिहावा असं गेल्या काही वर्षांत एकाहून जास्त जणांनी मला बोलून दाखवलं आहे, आणि दर वेळी आराखड्यात तळ्याचं पाणी पिण्याच्या क्षणी फासा टाकायचा असतो. कृपा करून तो फासा काढा. महाडची खेळरचना फाशात नाहीच, ती आधीच्या आणि नंतरच्या कागदपत्रांत आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे छापील नियम होता. तरीही मार्च १९२७ पर्यंत कुणी अस्पृश्य तिथे पाणी पिऊ शकत नव्हता, कारण दुसरा, न छापलेला नियम जागचा हलला नव्हता. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक पाणी प्यायले. मग देवळात शिरणार अशी अफवा उठली, मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ज्या खेळात एक नियमपुस्तक सगळ्यांना वाचायला दिलेलं असतं आणि दुसरं काही जणांनाच पाठ असतं, असा खेळ मी अजून पाहिलेला नाही. तो मराठीत लिहिला जावा, हा माझा लोभ.

जाता जाता धंद्याचंही. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सने इतरांना आपले नियम वापरू देणारा, २००० सालापासून चालत आलेला खुला परवाना बदलण्याचा घाट घातला, त्याचा मसुदा फुटला आणि जगभरच्या लहान प्रकाशकांची झोप उडाली. ओरड झाली, कंपनी मागे हटली आणि खेळाच्या मूलभूत नियमांचा ५.१ हा संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली आला. दुसऱ्याच्या पटावर मांडलेलं घर कधीही उठवलं जाऊ शकतं, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा दिसलं. मराठीत लिहिणाऱ्याने कुणाच्या यंत्रणेवर खेळ बांधायचा, हे ठरवताना परवान्याचं पान आधी वाचावं.

पुढच्या तीन अंकांत आम्ही छोट्या मराठी खेळांना जागा देणार आहोत. चार पानांपर्यंतचा खेळ पाठवा. पार्श्वभूमी अर्ध्या पानात बसवा. बसत नसेल तर तिच्यातला कुठला भाग नियम व्हायला हवा होता ते तपासा आणि मग पाठवा. प्लेटेस्टपैकी (चाचणीच्या डावांपैकी) किमान एक टेबल असं असावं जिथे तुम्ही स्वतः हजर नव्हता. खेळ ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यातलं कुणी टेबलावर होतं का, आणि त्यांच्या वेळेचे पैसे तुम्ही दिलेत का, हेही सोबतच्या पत्रात लिहा. दिले नसतील तर आम्हाला कळवा. त्या मानधनासाठी या वर्षी थोडी रक्कम बाजूला काढली आहे.